धुराची वर्दी



आज ज्या वस्तूचा इतिहास आम्ही सांगणार आहोत ती वस्तू तळहाताएवढी आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांच्या छताला ती चिकटवलेली असते आणि धूर लागला की कर्कश ओरडते. तिकडे तिला स्मोक अलार्म म्हणतात. आम्ही आज तिला धुराची घंटा म्हणू. कामगार चळवळीतल्या माणसाने अशा डबीवर तासभर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमचे शिक्षण रात्रीच्या शाळेत आणि पुढे युनियनच्या कचेरीतल्या कपाटात झाले. त्या कपाटातली फॅक्टरी ॲक्टाची पुस्तके चाळताना आमच्या मनात एक प्रश्न वारंवार येई. कारखान्याच्या दारातून आत शिरलेल्या माणसाच्या जिवाची विचारपूस करणारा कायदा, पाळी सुटून तोच माणूस घरी जाऊन झोपला म्हणजे कुठे जातो? धुराच्या घंटेचा इतिहास हे या प्रश्नाचे उत्तर आहे.

सुरुवात कापसापासून करू. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरमध्ये आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतात कापडगिरण्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर आगीही वाढल्या. हवेत तरंगणारी तूस, तेलाने माखलेली लाकडी जमीन, वर दिवे. ठिणगी पडायचा अवकाश. कनेक्टिकट संस्थानातल्या हेन्री पार्मली नावाच्या कारखानदाराने १८७४ साली आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी आपोआप सुटणारा पाण्याचा फवारा बनविला. ही युक्ती गिरणीवाल्यांनी उचलली. विमा कंपन्या फवारे असलेल्या गिरणीचा हप्ता कमी करीत, तेव्हा न उचलून सांगतात कोणाला! प्रत्येक कारखान्यात नळांची मापे वेगळी, तोट्या वेगळ्या, असा गोंधळ झाला, तेव्हा १८९६ साली अमेरिकेत विमेदारांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना स्थापन झाली. पुढे धुराच्या घंटेचे नियम याच संघटनेने लिहिले. आपल्या मुंबईच्या गिरण्यांतही छताला फवारे होते आणि त्यांच्यासाठी उंच पाण्याच्या टाक्या होत्या. कापसाच्या गाठीला रात्रंदिवस पहारा होता. तीच गाठ पाठीवरून वाहणारा माणूस चाळीतल्या खोलीत, पेटत्या स्टोपासून हातभर अंतरावर झोपे, आणि त्याच्या डोक्यावर काही नव्हते. यात कोणा एकाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. गाठीचा विमा उतरवलेला होता, एवढेच.

माणसाच्या जिवासाठी कायदा जागा झाला तो मोठ्या संहारानंतर. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल नावाच्या झंपरांच्या कारखान्यात आग लागली आणि १४६ माणसे गेली. त्यांत बहुतेक परदेशांतून आलेल्या तरुण मुली होत्या, ज्यू आणि इटालियन. बंद ठेवलेल्या दाराची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. प्रत्येक मे दिनाला कोणी ना कोणी ती सांगतो. आम्हांला मात्र त्या दिवसातली दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यांवर होता. आग लागली आठव्यावर. तेथून दहाव्यावर टेलिफोन गेला, कारण दहाव्यावर मालकांची कचेरी होती. मालक आणि त्या मजल्यावरची बहुतेक मंडळी गच्चीवरून शेजारच्या इमारतीवर गेली आणि वाचली. मधल्या नवव्या मजल्याला वर्दी मिळालीच नाही. आग लागल्याचे तेथल्या मुलींना प्रत्यक्ष आगीनेच सांगितले. आपल्याकडे बंबखान्याला आगीची खबर देण्याला 'वर्दी देणे' म्हणतात. मधल्या मजल्याला वर्दी कोणी द्यायची, हा प्रश्न त्या दिवसापासून सुटलेला नाही, आणि धुराच्या घंटेचा सारा कायदा त्याच्याभोवती फिरतो.

ट्रायँगलनंतर न्यूयॉर्क संस्थानाने चौकशी मंडळ नेमले आणि कारखान्यांसाठी कायद्यांची रांग लागली: दारे बाहेर उघडली पाहिजेत, कवायत झाली पाहिजे, मोठ्या कारखान्यात धोक्याची घंटा पाहिजे. नाटकगृहे, शाळा आणि हॉटेले यांच्यासाठीही एकेका अनर्थानंतर नियम झाले. घर तेवढे राहिले. खाजगी घराच्या उंबऱ्याबाहेर सरकारने थांबावे ही इंग्रजी कायद्यातली जुनी समजूत, आणि ती अमेरिकेने जशीच्या तशी घेतली. शिवाय घरातल्या आगीत एका वेळी दोन-चार माणसे जातात. त्यांची चौकशी होत नाही आणि त्यांचा स्मृतिदिन कोणी पाळत नाही. कारखान्यात युनियन असते. घरात झोपलेल्या कुटुंबाची युनियन कुठली?

घराच्या आगीची रीत वेगळी असते, तीही समजून घेतली पाहिजे. गादीवर पडलेली विडी तासन् तास धुमसते. घराच्या आगीत दगावणाऱ्यांपैकी पुष्कळांना ज्वाळा शिवतही नाहीत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यांना झोपेतच नेतो. 'धुराचा वास आला की जाग येईलच' हा समज खोटा आहे. झोपेत नाकावर भरवसा ठेवता येत नाही. कान मात्र बऱ्यापैकी जागा असतो. म्हणून धुराचा आवाज करून देणारे यंत्र हवे होते.

ते सापडले चुकतमाकत. १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर येगर नावाचे पदार्थविज्ञानाचे संशोधक विषारी वायू ओळखणारे यंत्र बनविण्याच्या खटपटीत होते. वायू सोडला तरी काटा हलेना. कंटाळून त्यांनी सिगारेट पेटवली, आणि काटा हलला! त्यांचेच देशबंधू एर्न्स्ट मायली यांनी ती कल्पना पुढे नेली. त्यांच्या डोळ्यांपुढे खाणीतले ज्वालाग्राही वायू होते, असे सांगतात. खाणकामगाराच्या काळजीतून निघालेली वस्तू शेवटी बंगल्याच्या छताला लागली, हे आम्हांला गमतीचे वाटते. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हर येथे ड्यूएन पीअरसॉल यांच्या कारखान्यातही असेच घडले. फोटोग्राफीच्या अंधारखोल्यांतली स्थिर वीज घालविणारे यंत्र ते बनवीत होते. एका कामगाराच्या सिगारेटचा धूर जवळून गेला की मोजणीचा काटा खाली येई. त्यातून १९६५ साली बॅटरीवर चालणारी, घरात लावता येण्याजोगी डबी तयार झाली आणि १९७५ च्या सुमारास ती ढिगाने निघू लागली. सिगारेटने जितकी घरे जाळली तितकी दुसऱ्या फार थोड्या वस्तूंनी जाळली असतील; पण ही घंटा शोधून देण्यात दोनदा तिचाच हात लागला.

तिची रचना साधी आहे. आत अमेरिशियम नावाच्या किरणोत्सर्गी धातूचा कण असतो, एका ग्रॅमच्या दशलक्षांशाहूनही कमी. त्याच्या किरणांनी दोन पत्र्यांमधली हवा विद्युतभारित होते आणि तिच्यातून अगदी बारीक प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आत शिरले की ते हे भार धरून ठेवतात, प्रवाह मंदावतो आणि भोंगा वाजतो. दुसऱ्या जातीच्या डबीत किरणोत्सर्ग नसून प्रकाश असतो. अंधाऱ्या कप्प्यात एक किरण सरळ जातो. धूर आला की तो विखुरतो, आणि विखुरलेला उजेड बाजूच्या डोळ्यावर पडला की भोंगा वाजतो. पहिली जात भडकलेली आग लवकर ओळखते, दुसरी धुमसणारी. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्यावरून भांडण होणार आहे.

१९७३ साली अमेरिकेत एका राष्ट्रीय आयोगाने 'अमेरिका बर्निंग' नावाचा अहवाल दिला. दर वर्षी सुमारे १२,००० माणसे आगीत मरतात, असा आकडा त्यात होता. तो पुढे फुगीर ठरला, पण त्याने झोप उडवली. घरोघरी धुराची घंटा असावी अशी शिफारस आयोगाने केली. यानंतर नुसत्या उपदेशाच्या जागी हुकूम आला. १९७६ साली केंद्र सरकारने कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून नेल्या जाणाऱ्या घरांसाठी धुराची घंटा सक्तीची केली. ही घरे गरीब कामगारांची आणि पातळ भिंतींची. मेरीलँड संस्थानातल्या माँटगोमेरी जिल्ह्याने १९७८ पासून नव्याच नव्हे तर जुन्या घरांतही ती बंधनकारक केली. आमच्या मते खरा उंबरा येथे ओलांडला गेला. नव्या घराला नियम लावणे सोपे असते. कंत्राटदार कुरकुरतो आणि खर्च किमतीत चढवतो. राहत्या घराच्या मालकाला 'तुमच्या छताला हे लावा' म्हणणे अवघड, कारण तो मतदार असतो आणि घर त्याचे असते.

किती घंटा लावायच्या याचे उत्तर प्रयोगाने मिळाले. मिशिगन सरोवराच्या काठी, इंडियाना संस्थानात, वाळूच्या टेकड्यांजवळ काही जुनी घरे पाडायची होती. १९७५-७६ मध्ये संशोधकांनी त्या रिकाम्या घरांत खरे कोच आणि खऱ्या गाद्या पेटवून पाहिल्या. प्रत्येक मजल्यावर एक घंटा असली तर बहुतेक वेळा निसटायला सवड मिळते, असे दिसले, आणि 'मजल्यागणिक एक' हा नियम तेथून रूढ झाला. मधल्या मजल्याची आठवण शेवटी कोणाला तरी झाली म्हणायचे. पंचवीस-तीस वर्षांनी सरकारी प्रयोगशाळेने पुन्हा तसेच प्रयोग केले तेव्हा मात्र एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. भडकलेल्या आगीत पूर्वी सरासरी १७ मिनिटे सवड मिळे. आता ती ३ मिनिटांवर आली होती. कापूस आणि लाकूड गेले, फोम आणि प्लॅस्टिक आले. घर सुबक झाले आणि जळायला चपळ झाले.

आकडे थोडक्यात सांगतो. १९७७ साली अमेरिकेत पाचांतल्या एका घरात ही घंटा होती. १९८४ पर्यंत चारांतल्या सुमारे तिघांत आली, आणि १९९३ पर्यंत शंभरांतल्या नव्वदांहून अधिक घरांत. त्या काळाच्या आरंभी घरांच्या आगींत दर वर्षी ६,००० च्या आसपास माणसे जात. पुढे लोकसंख्या वाढूनही हा आकडा निम्म्याच्या आसपास उतरला. सारे श्रेय घंटेला देणे बरोबर नाही, कारण सिगारेट ओढणारेही कमी झाले आणि गाद्यांचे नियमही बदलले. पण जे मरत राहिले त्यांच्याकडे पाहिले की खरी गोम कळते. पाचांतले तीन मृत्यू अशा घरांत होतात की जेथे घंटा नसते किंवा असून वाजत नाही. वाजत का नाही? पुष्कळ वेळा बॅटरी काढून ठेवलेली असते.

का काढतात हे समजायला लांब जाण्याची गरज नाही. न्यू जर्सीत आपल्याकडची पुष्कळ मंडळी स्थायिक आहेत. त्या संस्थानात घर विकताना किंवा नव्या भाडेकरूला देताना धुराच्या घंटेचा दाखला घ्यावा लागतो. तिकडून सुट्टीवर येणारे आम्हांला हसत हसत सांगतात की फोडणी टाकली की घरातले एक माणूस टॉवेल घेऊन घंटेखाली उभे राहते. मोहरी तडतडली की घंटा ओरडते, शेजारी डोकावतात, आणि चौथ्या दिवशी यजमान खुर्चीवर चढून बॅटरी काढतात. हा माणसाचा आळस नव्हे. जे यंत्र रोज खोटे बोलते त्याचे तोंड कोणीही बंद करील. कारखान्यात मशीनचे गार्ड कामगार काढून ठेवतात तेव्हा मालक त्यांना बेशिस्त म्हणतो. आम्ही चौकशीत नेहमी विचारतो, गार्ड लावून ठरवलेले उत्पादन निघते का? न निघेल तर दोष गार्ड बनवणाऱ्याचा आणि उत्पादन ठरवणाऱ्याचा.

हे आधी ओळखले बंबवाल्यांच्या युनियनने, याचा आम्हांला अभिमान वाटतो. अमेरिका आणि कॅनडातल्या अग्निशामक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ साली ठराव केला की घरांत प्रकाशावर चालणारी जातच लावावी. फोडणीला उगाच ओरडणारी आणि धुमसणाऱ्या गादीपाशी उशिरा जागी होणारी दुसरी जात नको. जळक्या घरांतून प्रेते बाहेर काढणाऱ्यांचे ते मत होते. डब्या बनवणाऱ्यांनी आणि काही तज्ज्ञांनी विरोध केला, दोन्ही जाती उपयोगाच्या आहेत म्हणाले. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण व्हरमाँटसारख्या संस्थानाने प्रकाशाची जात सक्तीची केली, आणि बॅटरी काढताच येऊ नये म्हणून दहा वर्षांची मोहोरबंद बॅटरी असलेल्या डब्यांचे कायदे ठिकठिकाणी झाले.

आता पैशाचा प्रश्न. घर एकाचे आणि राहणारा दुसरा असला तर डबी कोणी आणायची? फ्रान्सचे उदाहरण बोलके आहे. तेथे २०१० साली कायदा झाला तो 'राहणाऱ्याने लावावी' असा, म्हणजे भाडेकरूने. अंमल २०१५ पासून व्हायचा होता. मध्ये, २०१४ साली, पार्लमेंटने कलम फिरवले: बसवायची घरमालकाने, नीट ठेवायची राहणाऱ्याने. घंटा नव्हती एवढ्या सबबीवर विमा कंपनीने भरपाई नाकारू नये, असेही त्या कायद्यात आहे. इंग्लंडात तर १९९१ साली घंटेचा कायदा होऊन तो कधी लागूच केला नाही. नव्या घरांचे काम इमारतींच्या नियमांतून १९९२ साली उरकले. भाड्याच्या घरांसाठी २०१५ साली नियम आले. मजल्यागणिक घंटा, भाडेकरू ज्या दिवशी येतो त्या दिवशी ती वाजवून पाहणे, आणि न केल्यास ५,००० पौंडांपर्यंत दंड. पण त्यातून नगरपालिकांची आणि तत्सम सामाजिक घरे वगळली होती. खाजगी मालकाला शिस्त लावणारे सरकार स्वतःच्या भाडेकरूंपाशी आले ते २०२२ मध्ये.

त्या दोन सालांच्या मध्ये ग्रेनफेल आहे. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमध्ये सार्वजनिक मालकीचा २४ मजल्यांचा तो मनोरा पेटला आणि ७२ माणसे गेली. आग चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रीजपाशी लागली. त्या घरात धुराची घंटा होती. ती वाजली, माणूस जागा झाला, त्याने बंबाला वर्दी दिली. डबीने आपले काम चोख केले होते. पण ती त्या एका घराची होती. साऱ्या मनोऱ्याला एकदम उठवील अशी व्यवस्था नव्हती, आणि बाहेरच्या भिंतींना लावलेल्या ज्वालाग्राही पत्र्यांवरून आग वर धावत असताना लोकांना जवळजवळ दोन तास 'घरातच थांबा' असे सांगितले जात होते. रहिवाशांच्या मंडळाने इमारतीच्या सुरक्षिततेबद्दल आदल्या वर्षीच लेखी तक्रार प्रसिद्ध केली होती. १९११ च्या नवव्या मजल्यावर आपण पुन्हा येऊन उभे राहतो.

ग्रेनफेलनंतर स्कॉटलंडने जे केले ते आम्हांला आजवरचे सर्वांत धीट पाऊल वाटते. तेथे १ फेब्रुवारी २०२२ पासून भाड्याचे, सरकारी किंवा स्वतःचे, कोणतेही घर सुटलेले नाही. बैठकीच्या खोलीत एक घंटा, प्रत्येक मजल्याच्या बोळात किंवा जिन्यापाशी एक, आणि स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारी. म्हणजे फोडणीचा प्रश्न कायद्यानेच सोडवला. या सगळ्या घंटा एकमेकींशी जोडलेल्या हव्यात: एक वाजली की घरातल्या सर्व वाजल्या पाहिजेत. तीन झोपण्याच्या खोल्यांच्या घराला सुमारे २२० पौंड खर्च येईल असा सरकारचा अंदाज होता. आपल्या घरात राहणाऱ्या मालकाने तो स्वतः करायचा. गरीब म्हाताऱ्यांना आणि अपंगांना थोडी मदत मिळाली. नियम मोडणाऱ्या मालकाला शिक्षा नाही, म्हणून काही जण त्याला हसले. शिक्षा नसणे ही उणीव आहेच. पण घर विकताना तपासनीस येतो तेव्हा गोष्ट बाहेर पडते, आणि मालकाचे हित तेथे जागे होते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने उलट्या टोकाने हप्ते पाडले. ब्रिस्बेनजवळ लोगन येथे ऑगस्ट २०११ मध्ये एका घरात एकाच गोतावळ्यातली ११ माणसे जळाली, त्यांत ८ मुले. त्यानंतरच्या कायद्यात प्रत्येक झोपण्याच्या खोलीत प्रकाशाची, जोडलेली घंटा सांगितली. नव्या घरांना २०१७ पासून, भाड्याच्या आणि विकल्या जाणाऱ्या घरांना २०२२ पासून, आणि मालक स्वतः राहतो त्या घरांना १ जानेवारी २०२७ ची मुदत. मालकाच्या स्वतःच्या छताला कायद्याचा हात सर्वांत शेवटी लागला, हे येथेही दिसते.

डबी जागोजाग असूनही काय होते तेही सांगितले पाहिजे. ९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका १९ मजली इमारतीत विजेच्या शेगडीने आग लागली. १७ माणसे धुराने गेली, त्यांत ८ मुले. पुष्कळजण आफ्रिकेतल्या गांबिया देशातून आलेले. आपोआप मिटायला हवी होती ती दारे उघडी राहिली आणि धूर जिन्यात भरला. घंटा वाजत होत्या. पण त्या इमारतीत त्या इतक्या वेळा उगाच वाजत की कित्येकांनी लक्ष दिले नाही, असे रहिवाशांनी सांगितले.

आपल्याकडे २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. तो इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर जबाबदारी टाकतो, आणि यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षात दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायला लावतो. त्याचा भर पाण्याच्या टाक्या, नळ, जिने अशा सामायिक व्यवस्थेवर आहे. प्रत्येक राहत्या घरात धुराची घंटा हवीच असा सरसकट हुकूम आपल्याकडे नाही. आमच्या सभासदांच्या एका सहकारी सोसायटीत जिन्यातल्या घंटांची पेटी बंद करून ठेवलेली आम्ही पाहिली. 'रात्री उगाच वाजते, म्हाताऱ्यांना त्रास होतो,' असे कमिटीचे म्हणणे. दाखला मात्र दोन्ही वेळा आलेला होता. आम्ही सर्वसाधारण सभेत तीन गोष्टी मागितल्या. पेटी उगाच का वाजते याची तपासणी करून घ्यावी. दाखला देणाऱ्याने एकेका मजल्यावर प्रत्यक्ष धूर सोडून घंटा वाजवून दाखवावी, आणि त्या वेळी मजल्यावरचे दोन रहिवासी हजर असावेत. खर्च घरांच्या क्षेत्रफळावर वाटावा, भाडेकरूच्या माथी मारू नये. पहिल्या दोन मंजूर झाल्या. तिसरीवर तासभर वाद झाला आणि ती पुढच्या सभेकडे ढकलली. ती सभा येत्या जुलैत आहे.